कडी, कोयंडा आणि फिरती ऐरण

जुन्या वऱ्हाडात चोर सहसा दार फोडीत नसे. तो भिंत फोडीत असे. पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच हात रुंदीच्या भिंती, वर धाबे, आणि त्या धाब्यावर उन्हाळ्याच्या रात्री गाढ झोपलेले सारे कुटुंब, अशी ज्या मुलखातील घरांची रचना, तेथे सागवानी दाराशी झगडून आवाज करण्यापेक्षा मागच्या बाजूने पहारीने माती उकरीत माणूस शिरेल एवढे भगदाड पाडणे केव्हाही सोयीचे; आणि म्हणूनच आपल्या भाषेने या गुन्ह्याला दाराचे नाव न देता ‘घरफोडी’ हा अगदी नेमका शब्द दिला. पैनगंगेच्या उगमाकडील ज्या गावात माझे बालपण गेले तेथील आमच्या घराच्या मागच्या भिंतीत असेच एक बुजविलेले भगदाड होते. त्यावर कितीही वेळा पोतारा फिरविला, तरी पावसाळ्यात त्याची वर्तुळाकार कड ओलीने उमटून येई, आणि आजी आम्हा मुलांना ती बोटाने दाखवीत असे.

घराचे रक्षण हा त्या काळी घराचा विषयच नव्हता. तो गावाचा विषय होता. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील जुनी गावे पाहावीत: मध्यभागी पाटलाची किंवा देशमुखाची गढी, तिचे मातीचे वा विटांचे बुरूज, भोवती गावकूस, आणि दिवेलागणीनंतर बंद होणारी वेस. मलकापुराला घडीव दगडाचा तट, पाच दरवाजे आणि अठ्ठावीस बुरूज होते, तरीसुद्धा १७६१ च्या सुमारास राघोबादादांच्या फौजेकडून होणारी लूट टाळण्यासाठी त्या गावाने साठ हजार रुपये मोजल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आढळते. मेहकरचा तट तेथील मोमिन विणकरांनी स्वतःच्या पैशाने बांधिला असे सांगतात. ज्यांच्या घरात मागावरचे वस्त्र आणि गाठीचे द्रव्य होते, त्यांनीच साऱ्या कसब्याच्या रक्षणाचा भार उचलला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडींनी आणि १८०३ च्या दुष्काळाने ती पेठ उजाड झाली. निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल एकाच मुलखावर असल्यामुळे वसुलाला दोन धनी आणि बंदोबस्ताला एकही नाही, अशी रयतेची अवस्था होती; देवगावच्या तहाने, १७ डिसेंबर १८०३ रोजी, ही दोअंमली संपली खरी, परंतु त्यानंतरची पन्नास वर्षे इजारदारांच्या आणि तालुकेदारांच्या हाती गेली, आणि रयतेला गावकुसाची माती दरसाल नव्याने लिंपावीच लागली.

त्या गावकुसाच्या आत रात्र जागून काढणारा माणूस म्हणजे जागल्या. बहुतेक गावी तो महार असे, काही ठिकाणी अन्य जातीचाही. खळ्यावरच्या राशीतून त्याला ठराविक हक्काचे धान्य मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात गावात कोण नवा आला, कोण मुक्कामाला राहिला, कोणाचे जनावर कोणत्या शेतात शिरले, याची वर्दी पाटलाला देणे ही त्याची जबाबदारी. परंतु त्याची खरी विद्या होती माग काढण्याची. चोरी झाली की पहाटेच्या दहिवरात उमटलेले पाऊल शोधून त्यावर तो पाटी झाकून ठेवी, त्या पावलाची लांबी काडीने मोजून घेई, टाचेची भेग, बोटाचा वाकडेपणा, चपलेचा झिजलेला तळ मनात धरी, आणि मग शेताबांधांतून, नाल्याच्या वाळूतून, गोठणीच्या तुडवलेल्या जमिनीतून तो माग शिवेपर्यंत नेई. शिवेवर माग पलीकडच्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन केला की या गावाची जबाबदारी संपली; तो माग जेथे लुप्त होईल त्या गावाने चोर तरी हजर करावा, नाहीतर गेलेल्या ऐवजाची भरपाई द्यावी, असा रिवाज होता. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशवाईतून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात देशावरील गावांच्या या व्यवस्थेचे वर्णन आहे; वऱ्हाडातील रीत त्याहून फारशी निराळी नव्हती.

हे सारे लिहीत असता एक गोष्ट नजरेआड करता येत नाही, आणि करूही नये. ज्या जागल्याच्या भरवशावर वेशीच्या आतील गाव निजत असे, त्याचे स्वतःचे घर वेशीच्या बाहेर होते. धाड आली की पहिला घाव महारवाड्यावर. शिवेच्या तंट्यात त्याचा शब्द प्रमाण, सरकारी वसुलाची रक्कम कसब्याला पोचविणारा तोच, आणि तरीही ज्या दारांची तो राखण करी त्या दारांच्या उंबरठ्याला त्याचा स्पर्श चालत नसे. डॉक्टर आंबेडकरांच्या शिकवणीने या समाजाने पुढे गावकीची कामे टाकिली, १९५६ नंतर धर्मही बदलला, तेव्हा अनेक गावांतील जुन्या लोकांनी ‘आता गाव कोण राखणार’ अशी कुरकुर केल्याचे मी लहानपणी ऐकले आहे; ज्यांनी शतकानुशतके गाव राखिले त्यांना गावाने कसे राखिले होते, हा प्रश्न त्या ओट्यावर कोणी विचारल्याचे मात्र मला स्मरत नाही.

गावकूस आणि जागल्या यांच्याखाली आणखी एक तिसरे रक्षण होते, ते जमिनीच्या पोटात. पेव हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो. अंगणात किंवा गढीच्या आवारात खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. आतून कडबा आणि भुसा यांचे अस्तर, त्यात ज्वारी, आणि वर दगड व माती थापून सारे सपाट. धाडीतून आलेला स्वार त्यावरून घोडा नेई आणि त्याला पत्ता लागत नसे. पेव उघडताना मात्र घाई करून चालत नाही. आत कोंडलेला वायू प्राणघातक असतो, म्हणून तोंड उघडून बराच वेळ वारा खेळू द्यायचा, दोरीने कंदील आत सोडून तो तेवतो की विझतो हे पाहावयाचे, आणि मगच माणूस उतरवायचा.

१८५३ च्या मे महिन्यात झालेल्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत या व्यवस्थेचा पाया हलला. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात विलायतेच्या गिरण्यांचा कापूस तोडला, वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि खामगावची पेठ साऱ्या देशात गाजू लागली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला, १८७० च्या मार्चमध्ये जलंब ते खामगाव हा फाटा खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. (खामगाव आणि जळगाव-जामोद हे तालुके तेव्हा अकोल्याकडे होते, ते १९०५ साली बुलढाण्यास जोडले गेले.) ज्या घरात संपत्ती म्हणजे पेवातील ज्वारी आणि दावणीचे बैल होते, त्या घरात आता नगद रुपये आले, चांदी आली, खामगाव तर पुढे चांदीच्या शुद्धतेसाठी रजतनगरी म्हणूनच प्रसिद्ध झाले. ज्वारी चोरून न्यावयाला गाडी लागते. चांदीचा गोट कमरेला बांधूनही पसार होता येते. शिवाय पेंढारी गेले म्हणून गावकुसाची डागडुजी थांबली, गढ्यांची माती लोकांनी शेतात खत म्हणून आणि भिंतींना म्हणून वाहून नेली, वेशीची दारे मोडीत निघाली. जी राखण गावाच्या कडेवर उभी होती ती अशा रीतीने हळूहळू आत सरकत प्रत्येकाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली.

सावकारांनी आणि देशमुखांनी यापूर्वीच दाराशी परमुलखातली माणसे बसविली होती. निजामाच्या राज्यातील अरब आणि रोहिले हे हाडाचे शिपाई. फौजेतून सुटलेले, हत्यारबंद, पराक्रमी, आणि पगार थकला तर धन्याच्याच दाराशी तळ देऊन बसणारे. सामान्य कुणब्याला असा पहारेकरी परवडणार नव्हता. त्याला हवे होते मजबूत दार, आणि त्या दाराला धड बसविलेली कडी. १८९७ साली आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला, अलीगढची कुलपेही त्याच सुमारास आगगाडीने सर्वत्र पोचू लागली. परंतु कुलूप हे अखेर कोयंड्याच्या जिवावर असते. कोयंडा उपसून आला तर विलायतेचे कुलूपही दाराच्या फळीला लोंबकळत राहते, आणि कोयंडा काही आगगाडीने येत नसे. तो आणीत असे घिसाडी.

गावाचा लोहार बलुतेदार होता. त्याचे हात फाळात, पाशीत आणि खुरप्यांत गुंतलेले असत, आणि अनेक लहान गावांना तर लोहारच नसे. ही उणीव फिरस्त्या घिसाड्यांनी भरून काढली. दसरा-दिवाळी उलटली, सुगी निघाली, कुणब्याच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले की त्यांच्या गाड्या निघत, आणि मृगाच्या तोंडाशी, पेरणीची अवजारे शेवटून देऊन, पावसाळ्याच्या मुक्कामाकडे परतत. एवढाच त्यांचा हंगाम. आमच्या गावी ते बहुधा माघात येत. गाडी वेशीजवळच्या निंबाखाली सुटे, कर्ता पुरुष पाटलाकडे जाऊन वर्दी देई, आणि घटका-दोन घटकांत जमिनीत एक वीतभर खळगा खणून, त्याला मातीची नळी जोडून, बकऱ्याच्या कातड्याचा भाता चालू होई. बाभळीच्या कोळशाचा तो वास आला की आम्ही पाटी-दप्तर टाकून पळत सुटत असू.

आमच्या ढाळजेच्या दाराला कोयंडा बसविला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आमच्या आबांनी घिसाड्याला पाहताच म्हटले, “यंदा लय उशीर केला बाप्पा तुमी, मी त वाट पाहून पाहून सुताराले सांगणार होतो.” त्यावर तो हसून म्हणाला, “आबा, सुतार भोक पाडन, पन लोखंड वळवन कोन?” आणि दाराच्या फळीवर नखाने टिचकी मारून तिची जाडी अजमावली. मग एक करंगळीएवढी सळई भट्टीत गेली. ती नारिंगी झाली की त्याने सांडशीने काढून ऐरणीवर धरावी, त्याच्या बायकोने दोन्ही हातांनी उचललेला घण त्याने खुणेच्या हातोडीने दाखविलेल्या जागीच पाडावा, पुन्हा त्याने हातोडीने टिक् करावे आणि पुन्हा घण पडावा. दोघांत एक शब्द नाही. तिच्या पाठीशी झोळीत मूल निजलेले होते, आणि घणाच्या प्रत्येक घावाला झोळी हलत होती, पण मूल जागे झाले नाही. सळईची दोन्ही टोके चपटी करून तिचा मधला भाग त्याने एका खुंटाभोवती वळविला, तेव्हा एक लांब पायांचे कडे तयार झाले. फळीत सुताराच्या गिरमिटाने एकच भोक पाडले, त्यातून ते दोन्ही पाय आत घातले, आणि आतल्या अंगाने, लोखंड गरम असतानाच, एक पाय वर आणि एक पाय खाली असे फाकवून त्यांची टोके परत लाकडात ठोकून रुतविली. बाहेरून आता कितीही ओढा, ते पाय लाकूड फाडल्याशिवाय येणार नाहीत. आबांनी दोन्ही हातांनी हिसडा देऊन पाहिला, आणि एक पायली ज्वारी व रोख मजुरी दिली.

‘घिसाडघाई’ हा शब्द आपण सहज वापरतो, आणि तो या लोकांच्या कामाच्या घाईवरून पडला असे लोक सांगतात. मला तो शब्द नेहमी टोचत आला आहे. लोखंड लाल असते तोवरच ते ऐकते. ते काळवंडले की त्यावर मारलेला प्रत्येक घाव वाया, आणि कधी कधी घातकही. त्या चार पळांत जे करावयाचे ते अचूक करणे यालाच त्यांच्या धंद्यात कौशल्य म्हणतात, आणि गावाने ओट्यावर बसून त्या कौशल्याला उतावळेपणाचे नाव दिले.

राजस्थानातील गाडिया लोहारांविषयी अशी कथा आहे की, १५६८ साली चितोड पडले तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली: चितोड स्वतंत्र होईपर्यंत छपराखाली निजावयाचे नाही, गावात वस्ती करावयाची नाही. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी चितोडला समारंभपूर्वक त्यांना गडावर नेऊन ही शपथ फेडल्याचे जाहीर केले. आपल्याकडचे घिसाडीही आपले मूळ गुजरात-राजपुतान्याकडे सांगतात आणि त्यांच्या घरगुती बोलीत त्या भाषांची छाप दिसते. कथेचे ऐतिहासिक मोल काहीही असो. ज्या समाजाला दार नाही त्याने दाराच्या अभावाला शपथेचे तेज दिले, यात मला त्या समाजाचा स्वाभिमान दिसतो. सरकारची नजर अर्थात निराळी होती. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा ज्या जमातींवर लागू झाला त्यांच्यापुरता तो १९५२ पर्यंत राहिला, पण त्याने उत्पन्न केलेला संशय साऱ्याच फिरस्त्यांवर पडला. गावात चोरी झाली तर पहिली झडती वेशीबाहेरच्या गाड्यांची, मग त्या गाड्यांतील माणसांनी आदल्याच दिवशी निम्म्या गावाच्या कड्या बसविलेल्या का असेनात. अशी एक झडती मी पाहिली आहे. शिपायांनी कोळशाची पोती रस्त्यावर उपडी केली आणि काही न सापडता निघून गेले. गाडीवरची बाई आणि तिची सासू तिन्हीसांजेपर्यंत एकेक खडा वेचून पोती भरीत होत्या.

मुलकी पाटलांचे पद १९६३ च्या आरंभी रद्द झाले, १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील आला, आणि जागल्याचा शब्द तेवढा बोलीत राहिला; आमच्याकडे अजूनही पिकाची रात्रपाळीची राखण करणे याला ‘जागलीला जाणे’ म्हणतात. तालुक्याच्या गावी मात्र रात्रीच्या पहाऱ्याला नवा माणूस आला. तो नेपाळच्या डोंगराळ पश्चिमेकडून आला. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला सरहद्द मोकळी होती, आणि घरची पायऱ्यांसारखी शेती वर्षभर पुरत नसल्यामुळे त्याला ती ओलांडणे भाग होते. त्याची जात ठाकुरी असो, क्षत्री असो वा मगर, चिखली-खामगावच्या गल्लीत तो ‘गुरखा’ झाला. मध्यरात्री विजेच्या खांबावर त्याची काठी आपटे, मागोमाग शिट्टी वाजे, आणि महिनाअखेरीस तो दारोदार जाऊन प्रत्येक घराची अल्प रक्कम वहीत लिहून घेई. भात लावणीला तो गावी जाई, तेव्हा आपल्या जागी चुलत्याला नाहीतर मेहुण्याला बसवून जाई. त्यांच्यातच ते गल्ल्यांचे वतन चाले म्हणा ना.

आणि आता आमच्याच गावची मुले त्या वाटेने निघाली आहेत. माझ्या चुलतभावाचा नातू आय.टी.आय. झालेला आहे. सोयाबीन निघते, तूर-हरभरा निघतो, आणि माघापासून मृगापर्यंत शेतात काम उरत नाही. ते चार महिने तो पुण्याला एका ठेकेदाराच्या हाताखाली बंगल्यांना आणि सदनिकांना कॅमेरे बसविण्याचे काम करतो. तिथी सुद्धा त्याच: आमच्या गावी घिसाड्याच्या गाड्या येत तेव्हा तो निघतो, आणि पेरणीला परततो. ड्रिलने भिंतीत भोक पाडावयाचे, त्यात प्लग ठोकावयाचा, केबल पांढऱ्या पट्टीखाली दडवीत नेऊन दिवाणखान्यातील पेटीला जोडावयाची, हे सारे त्याने मला समजावून सांगितले. कोन बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी तो स्वतः फाटकापाशी जाऊन उभा राहतो आणि जोडीदार आतून ओरडतो, “दोन पावलं डावीकडं!” त्यामुळे त्याने ज्या ज्या घरात काम केले त्या त्या घराच्या पेटीत पहिले चित्र त्याचे उमटले. त्या वसाहतींच्या फाटकावर मात्र रोज सकाळी त्याला वहीत नाव लिहून, ओळखपत्र ठेवून आत जावे लागते, आणि संध्याकाळी पिशवी उघडून दाखवून बाहेर यावे लागते. एकदा एका घरी अंगठी सापडेना. त्याला आणि त्याच्या जोडीदाराला तीन तास जिन्यात बसवून ठेवले, ती स्नानगृहात सापडली, आणि कोणी काही बोलले नाही. हे त्याने मला शांतपणे सांगितले. मला ते ऐकून कोळशाची ती उपडी पोती आठवली, आणि मी बराच वेळ त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

गेल्या फाल्गुनात मी गावी होतो. मेहकर रस्त्यावर घिसाड्यांचा एक टेम्पो उभा होता. बैलगाडी गेली, भात्याच्या जागी हाताने फिरवावयाचा पंखा आला, परंतु ऐरण जमिनीत रोवलेली होती आणि घण बाईच्याच हातात होता. त्यांतील वृद्धाला मी घरी घेऊन आलो आणि ढाळजेचे ते दार दाखविले. त्याने कोयंड्याचे बाहेरचे कडे अंगठ्याने चाचपले, मग दार आत ढकलून, गुडघ्यावर बसून, लाकडात रुतलेली ती दोन टोके पाहिली. एक वर, एक खाली. “ह्ये आमच्या हातचं नाही,” तो म्हणाला. “आम्ही दोनी पाय आडवे टाकतो. ह्यो हात अजिंठ्याच्या पल्याडचा आहे, खानदेशाकडचा.” मग त्याने टोकाशेजारी बोट ठेवले. तेथे लाकडाला घणाचा एक ओझरता घाव लागलेला होता, जो मला इतक्या वर्षांत कधी दिसला नव्हता. “घण बाईचा होता,” तो म्हणाला, “अन् ती थकली होती.”